दम्यावर घरगुती औषधं: अडुळसा, ज्येष्ठमध, सालई गुग्गुळ की प्राणायाम, कशावर किती भरवसा ठेवायचा?

दम्याच्या माणसाला इंदूरात सल्ला देणारे काही कमी नाहीत. आमच्या सासूबाईंना दमा आहे हे कळलं की रामबागेतल्या काकू अडुळसा सांगतात, सियागंजातला पंसारी ज्येष्ठमधाच्या काड्या बांधून देतो, योगा क्लासच्या ताई अनुलोम-विलोम सांगतात आणि कोणीतरी कोजागिरीच्या औषधी खिरीचं नाव काढतंच. सगळे मनापासून सांगतात हो, पण यातलं नेमकं काय घ्यायचं हे ठरवायला बसलं की डोकं गरगरतं, म्हणून सगळं शेजारी-शेजारी ठेवून लिहितेय, ज्यांच्या घरात हाच प्रश्न चालू आहे त्यांच्यासाठी.

आधी एवढं डोक्यात पक्कं ठेवा की दम्यात एकाच वेळी तीन गोष्टी होत असतात. श्वासनळीला आतून सूज असते, तिच्या भोवतीचे स्नायू आवळतात आणि आत चिकट कफ साचतो. कोणतंही औषध समोर आलं की विचारायचं, हे यातल्या कशावर काम करतं? बहुतेक घरगुती औषधं कफावर करतात, थोडीफार सुजेवर, आणि आवळलेली नळी पाच-दहा मिनिटांत मोकळी करणारं स्वयंपाकघरात काहीच नाही. ते काम रिलीव्हर इनहेलरचंच. रोजची सूज खाली ठेवायचं काम प्रिव्हेंटर इनहेलरचं. त्यात स्टेरॉइड असतं म्हणून लोक घाबरतात, पण एका पफमध्ये साधारण 100 ते 200 मायक्रोग्रॅम असतं, म्हणजे 0.1 ते 0.2 मिलिग्रॅम, आणि अटॅकमध्ये मोठ्या माणसाला जी स्टेरॉइडची गोळी देतात ती दिवसाला 40 मिलिग्रॅमच्या आसपास असते, आता तुम्हीच बघा फरक केवढा आहे ते. पफनंतर चूळ भरायची, आणि सवय लागते वगैरे मनातून काढून टाकायचं. तेव्हा खालचं सगळं "इनहेलरऐवजी काय" म्हणून वाचू नका, "इनहेलरच्या जोडीला काय" म्हणून वाचा.

अडुळसा आणि ज्येष्ठमध

सगळ्यात जास्त गोंधळ या दोघांतच होतो कारण दोन्ही खोकल्याची म्हणून ओळखली जातात. अडुळसा कफ पातळ करतो आणि हे नुसतं ऐकीव नाही, अडुळशातल्या व्हॅसिसीन नावाच्या द्रव्यावरूनच ब्रोमहेक्सीन हे औषध तयार केलं गेलं, आणि आज प्रत्येक मेडिकलवर मिळणारं अँब्रॉक्सॉल हे त्याचंच पुढचं रूप. म्हणजे छातीत घट्ट कफ अडकलाय, खोकून खोकून निघत नाहीये, अशा माणसाला अडुळशाचा उपयोग होऊ शकतो. मात्र कफ सुटला म्हणजे सूज उतरली असं नाही, आणि लोक फसतात ते इथेच, कारण खोकला कमी झाला की बरं वाटतं आणि हळूच प्रिव्हेंटर बंद होतो, मग पुढच्या धुळीच्या दिवसांत एकदम मोठा अटॅक. गरोदर बाईने अडुळसा घ्यायचा नाही, त्याने गर्भाशय आकुंचन पावू शकतं. आणि बाजारचं सिरप घेणार असाल तर लेबल वाचा, बऱ्याच सिरपमध्ये साखर भरपूर असते.

ज्येष्ठमध घशाला फार छान. कोरडी ढास, घसा खवखवणं, आवाज बसणं यासाठी काडी चघळली की खरंच आराम पडतो. पण रोजच्या रोज काढा करून पिणार असाल तर ज्येष्ठमध अडुळशापेक्षा जास्त जपून वापरायची गोष्ट आहे. त्यातल्या ग्लिसिरायझिनमुळे अंगात पाणी-मीठ साठतं, बीपी वाढतं आणि रक्तातलं पोटॅशियम उतरतं. आता गंमत नाही ही, साल्ब्युटामॉलचे (रिलीव्हर इनहेलरमधलं औषध) जास्त पफ घेतले तरी पोटॅशियम उतरतं, स्टेरॉइडच्या गोळ्यांनीही उतरतं, बीपीची लघवी करवणारी गोळी चालू असेल तर आणखीनच. आमच्या घरांमधून साठीच्या पुढच्या बायकांना दमा आणि बीपी दोन्ही असणं अगदी नेहमीचं, त्यांनी ज्येष्ठमध रोज घेऊच नये असं माझं स्पष्ट मत. बीपी नसलेल्या तरुण माणसाने चार-आठ दिवस घशासाठी चघळलं तर हरकत नाही. दोघांतून एकच निवडायचं तर कफ असलेल्याने अडुळसा, नुसता घसा खराब असलेल्याने थोडे दिवस ज्येष्ठमध.

सितोपलादि, हळद-दूध, आलं-तुळस

हे सौम्य गटातलं. सितोपलादि चूर्णाचं मूळ प्रमाण 16 भाग खडीसाखर, 8 भाग वंशलोचन, 4 पिंपळी, 2 वेलची, 1 दालचिनी असं आहे, म्हणजे निम्म्याहून जास्त साखरच, शुगरवाल्यांनी हे लक्षात घ्या, कारण "आयुर्वेदिक आहे" म्हणून डायबिटीसचे लोकही मधात कालवून दिवसातून तीनदा घेताना मी बघितलेत. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही, चाटवायलासुद्धा नाही. हळदीतलं कर्क्युमिन पोटातून फारसं शोषलंच जात नाही, मिरे घातले की जास्त शोषलं जातं हे खरं, पण मिरे आणि पिंपळीतलं पायपरिन थिओफायलिन या श्वासनळी उघडणाऱ्या जुन्या औषधाचं रक्तातलं प्रमाणही वाढवतं. ज्यांना डेरिफायलिनची (थिओफायलिन असलेली) गोळी चालू आहे (जुन्या पेशंटांना अजून असते) त्यांनी मिरे-पिंपळीचे जोरदार काढे घेतले तर धडधड, हात थरथरणं, मळमळ होऊ शकते. रोजच्या भाजीआमटीतल्या हळद-मिऱ्यांनी काही होत नाही, डब्बलचे काढे आणि कॅप्सूल यांची गोष्ट वेगळी. आलं-तुळशीचा चहा मजेत प्या, गरम प्यायल्याने मोकळं वाटतं, दम्याचं औषध म्हणून मात्र त्याच्याकडून काही मागू नका.

याच गटात कॉफी येते, जिचं नाव कोणी घेत नाही. कॅफिन हे थिओफायलिनच्याच कुटुंबातलं, त्याने श्वासनळी थोडीशी उघडते आणि हा परिणाम चारेक तास टिकू शकतो, म्हणूनच स्पायरोमेट्रीच्या (फुंकून करायच्या फुप्फुसाच्या तपासणीच्या) आधी चहा-कॉफी पिऊ नका सांगतात. पण हे "थोडीशी" आहे. पफ हाताशी असताना कॉफी उकळत बसणं चूक.

सालई गुग्गुळ आणि दमवेल

सुजेवर खरोखर काम करण्याचा दावा असलेली ही दोन. सालई म्हणजे आपल्या मध्य प्रदेशातल्या जंगलांत भरपूर असणारं झाड, त्याचा डिंक. 1998 मध्ये 40 दमेकऱ्यांना सालई देऊन झालेली एक चाचणी छापून आली होती, 300 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, सहा आठवडे, आणि घेणाऱ्यांपैकी 70 टक्के सुधारले, न घेणाऱ्यांपैकी 27 टक्के. आकडे आशा वाटावी असे आहेत, पण औषध घेणारी माणसं फक्त 40 आणि मुदत दीड महिना, तेवढ्यावर आयुष्यभराचं औषध ठरवता येत नाही. पोटात जळजळ, जुलाब होऊ शकतात, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय नकोच.

दमवेलीचं उलटं झालं. 1960 च्या दशकाच्या शेवटी दिल्लीत रोज सकाळी पान चावून खायला देऊन प्रयोग झाले, बऱ्याच लोकांना फरक पडला असं निघालं, पण नंतरच्या काटेकोर चाचण्यांत फायदा टिकला नाही. आणि पान चावल्यावर तोंड सोलवटणं, उलटी, चव जाणं हे होतंच बऱ्याच जणांना. नर्सरीवाले आजही कुंडी लावा म्हणतात, वेल म्हणून लावा, औषध म्हणून मी कोणाला सांगणार नाही. दोघांत सालई पुढे, आणि तीही वैद्य आणि छातीचे डॉक्टर दोघांना सांगून. लोकमान्य नगरला सरकारी अष्टांग आयुर्वेद कॉलेज आहे, तिथे नीट शिकलेले वैद्य भेटतात, पुडी बांधणाऱ्याकडे जाण्यापेक्षा तिथे जा.

प्राणायाम की वाफ?

इथे मला अजिबात शंका नाही, प्राणायाम. योगामुळे दम्याच्या लोकांचं रोजचं जगणं आणि लक्षणं थोडी सुधारतात असं अभ्यासांतून दिसलंय, फुप्फुसाच्या मोजमापात फरक कमी दिसतो, पण घाबरून भराभर श्वास घ्यायची सवय मोडते आणि दम्यात ही सवयही बराच त्रास देते. सावकाश अनुलोम-विलोम, भ्रामरी, नाकाने श्वास, एवढं पुरे. कपालभाती आणि भस्त्रिका त्रास चालू असताना करायच्या नाहीत, आणि हिवाळ्यात पहाटे थंडीत बागेत जाऊन तर नाहीच, घरात करा.

वाफेने बंद नाक मोकळं होतं, दम्याला तिचा फायदा सिद्ध नाही. त्यात कापूर, निलगिरी, बाम टाकला तर तीव्र वासानेच काहींची छाती आवळते, आणि लहान मुलांना कापराने आकडी येऊ शकते. पातेलं उलटून भाजलेली मुलं दवाखान्यात येतात ते वेगळंच. सर्दी असेल तर मोठ्या माणसाने साध्या पाण्याची वाफ घ्यावी, बाकी नको.

यांना सरळ नाही म्हणा

धोतऱ्याच्या पानांचा धूर. त्यात अॅट्रोपिन असतं, त्याने नळी उघडते हे खरं, त्याच जातीचं इप्राट्रोपियम आज नेब्युलायझरमध्ये मोजून वापरतात, पण पानात किती आहे याचा काही भरवसा नाही, भ्रम होतो, माणूस दगावू शकतो. सोमलता, तीच गोष्ट, त्यातलं एफेड्रिन बीपी आणि हृदयाला त्रास देतं. श्वासकुठार रसात पारा आणि मनशीळ म्हणजे आर्सेनिकचं संयुग असतं, ते वैद्यांच्या देखरेखीशिवाय कोणाच्या सांगण्यावरून घेऊ नका. आणि बिनलेबलची "दमा जडसे खतम" वाली पुडी, जिने दोन दिवसांत चमत्कारासारखं बरं वाटतं, तिच्यात लपवून स्टेरॉइड घातलेलं असू शकतं, असे प्रकार आपल्या देशात सापडलेले आहेत. मग चेहरा सुजतो, शुगर वाढते, आणि पुडी एकदम बंद केली की जिवावर बेततं.

कोजागिरीची खीर आणि हैदराबादला मृग नक्षत्रात दम्यासाठी गिळायला देतात तो मासा, दोन्हीकडे लोक श्रद्धेने जातात. श्रद्धेबद्दल मला काही बोलायचं नाही. फक्त रात्रभर उघड्यावर गारठ्यात बसायचं असेल तर शाल आणि पफ दोन्ही सोबत न्या, आणि दुसऱ्या दिवशी औषध बंद करायला कोणी सांगितलं तर ऐकू नका.

मग निवडायचं कसं

माझ्या मते औषधी वनस्पतींच्याही आधी पैसा आणि वेळ ट्रिगरवर घालवा. रंगपंचमीच्या गेरला (मिरवणुकीला) राजवाड्यावर गुलाल उडतो तेव्हा घरीच थांबणं, गव्हाच्या कापणीनंतर शेतांत नरवाई (पिकाचे उरलेले खुंट) जाळतात त्या दिवसांत संध्याकाळी खिडक्या बंद, पावसाळ्यात माजणारं गाजरगवत अंगणातून उपटणं (फुलं यायच्या आत, आणि दमेकऱ्याने नाही, दुसऱ्याने), देवघरात उदबत्तीऐवजी समई, गाद्या-उशांची खोळ गरम पाण्यात धुणं. स्वच्छतेत इंदूर 2017 पासून वर्षानुवर्षं पहिलं येतंय, रस्ते चकाचक आहेत, पण उशीतले धुळीतले किडे काही नगर निगम काढणार नाही.

त्यानंतर एखादं औषध करून बघायचं असेल तर पीक फ्लो मीटर (फुंकेचा जोर मोजणारी छोटी नळी) घ्या, तीनदा फुंकायचं आणि सगळ्यात मोठा आकडा लिहायचा, सकाळ-संध्याकाळ. आधी दोन आठवडे काही न बदलता लिहा, मग एकच वनस्पती सुरू करा, दोन-तीन एकदम नाही, नाहीतर फायदा कशाचा आणि त्रास कशाचा कळणारच नाही. आपल्या सगळ्यात चांगल्या आकड्याच्या 80 टक्क्यांच्या वर असाल तर ठीक, 50 ते 80 मध्ये आलात तर डॉक्टरांना फोन, 50 च्या खाली गेलात किंवा एक वाक्य सलग बोलता येत नाही, ओठ निळे पडतात, मुलाच्या फासळ्या आत ओढल्या जातात असं दिसलं तर पफ स्पेसरने (इनहेलरला लावायच्या नळकांड्याने) देत-देत 108 ला फोन करा, काढा चढवू नका. आणि डॉक्टरांकडे जाताना ती वही आणि काढ्याची, चूर्णाची बाटली दोन्ही पिशवीत घालून न्या, न विचारता टेबलावर ठेवा.