सेगा बुडाली, निन्टेन्डो तरली

सेगा आणि निन्टेन्डो या व्हिडिओ गेम्सच्या दोन जपानी कंपन्या. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत सेगाचं जेनेसिस हे कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, निन्टेन्डोच्या तोडीस तोड खपत होतं. दहा वर्षांत चित्र पालटलं.

मला विचाराल तर सेगाचा घात गेम्सनी नाही, घाईने केला. १९९४ मध्ये जेनेसिसला जोडायचं '३२एक्स' आलं आणि काही महिन्यांतच सेगाच्याच नव्या कन्सोलने, सॅटर्नने, त्याला निकालात काढलं. ज्यांनी ते विकत घेतलं, ते पुन्हा कशाला भरवसा ठेवतील? मे १९९५ मध्ये ई३ या गेम्सच्या प्रदर्शनात सेगाने सॅटर्न अमेरिकेत आगाऊ सूचना न देता ३९९ डॉलरला बाजारात उतरवलं. बेसावध राहिलेले दुकानदार चिडले. त्याच प्रदर्शनात सोनीने आपल्या प्लेस्टेशन कन्सोलची किंमत जाहीर केली : २९९ डॉलर. सेगाचं पुढचं कन्सोल ड्रीमकास्ट खरोखर उत्तम होतं, पण जानेवारी २००१ मध्ये सेगाने कन्सोल बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं.

निन्टेन्डो चुकली नाही असं मुळीच नाही. तिच्या कन्सोलांपैकी व्हर्च्युअल बॉय सपशेल आपटला. वी यू जेमतेम १ कोटी ३५ लाख खपला. पण १८८९ पासून क्योटोत पत्ते छापणाऱ्या या कंपनीकडे गाठीला पैसा होता आणि गेम बॉयपासून हातात धरायच्या यंत्रांची हक्काची बाजारपेठही. एक बाजू पडली की दुसरी सावरायची. वी यूनंतरच्या स्विचने तर १५ कोटींचा टप्पा ओलांडला.

सेगा आजही गेम्स बनवते, आणि चांगल्या बनवते. तिच्या गेम्सचा नायक सॉनिक २००१ मध्येच निन्टेन्डोच्या गेमक्यूब कन्सोलवर धावू लागला होता.