कॉमेटीरची गोठवलेली कॉफी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

कॉमेटीरच्या कॅप्सूलमध्ये पावडर नसते. आत तयार कॉफीच असते, दगडासारखी गोठलेली. मॅसॅच्युसेट्समधल्या ग्लॉस्टर या मासेमारीच्या गावी ही कंपनी आहे. जॉर्ज हॉवेल, काउंटर कल्चर, बर्च अशा रोस्टरांच्या (कॉफी भाजणाऱ्या कंपन्यांच्या) दाण्यांचा नेहमीच्या कॉफीपेक्षा साधारण दहापट दाट अर्क तिथे काढतात आणि द्रव नायट्रोजनच्या थंडीत (उणे 196 अंश) झटक्यात गोठवतात. अमेरिकेत तो कोरड्या बर्फात (ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) घरपोच येतो आणि कपाला साधारण 2 डॉलर पडतात.

दळणं, वजन, पाण्याचं तापमान, वेळ ही सगळी कटकट कारखान्यात उरकलेली असते. आपल्या हातात उरतात दोनच गोष्टी: पाणी किती आणि ते किती गरम. कॉफी बिघडते ती बहुतेक वेळा इथेच.

कृती सोपी आहे. कॅप्सूल फ्रीझरमधून काढून नळाच्या गरम पाण्याखाली वीस-तीस सेकंद धरायची, झाकण सोलायचं, बूड दाबून गोळा मगमध्ये पाडायचा, वर 180 ते 200 मिली उकळतं पाणी ओतायचं आणि ढवळायचं. वीस सेकंदांनी कडेला पातळसर काळी रेघ सुटते आणि गोळा आत सरकायला लागतो, तेवढ्यावर थांबायचं. मिनिटभर धरलं तर अर्धा अर्क वितळतो आणि झाकण सोलताना मनगटावर, ओट्यावर उडतो. पांढऱ्या शर्टावर हे करू नका.

ढवळणं मात्र टाळू नका. गोठलेल्या अर्कात साखर, आम्लं, कडवट द्रव्यं असलेला दाट भाग आधी सुटतो आणि पाण्याचा बर्फ मागे राहतो. त्यामुळे न ढवळलेल्या मगातला पहिला घोट जळजळीत आणि शेवटचा पाणचट लागतो. ‘स्ट्राँग आहे पण मध्येच पांचट होते’ अशी तक्रार करणारे बहुतेक लोक चमचाच घेत नाहीत.

आता तापमान. गोळा साधारण 25 ते 30 ग्रॅमचा धरा, उणे 18 अंशांवरचा. तो नुसता वितळवायलाच बरीच उष्णता जाते. 200 मिली पाणी 96 अंशांचं ओतलं तरी हिशेबानं कॉफी 74 अंशांच्या आसपास येते, आणि जाड सिरॅमिकचा गार मग आणखी दहाएक अंश खातो. काळी कॉफी पिणाऱ्याला 62-64 अंश चालतात. त्या तापमानाला फळासारखी चव उलट जास्त स्पष्ट कळते. दूध घालणाऱ्याचं मात्र अवघड होतं. त्यात फ्रिजमधलं 60 मिली दूध पडलं की कप पन्नाशीवर येतो, आणि उकळत्या चहावर वाढलेल्या माणसाला तो कोमटच लागणार. उपाय म्हणजे मग आधी गरम पाण्यानं तापवायचा, पाणी 140 मिलीवर आणायचं आणि दूध वेगळं गरम करून घालायचं. कॉफी घातलेलं दूध गॅसवर पुन्हा उकळवू नका, सुगंध उडतो आणि कडूपणा राहतो. पॉड मशीन (कॅप्सूलमधून गरम पाणी सोडून कॉफी करणारं यंत्र) असेल तर ते फक्त गरम पाण्यापुरतं वापरावं, पण त्याचं पाणी किटलीइतकं गरम नसतं.

दुधासाठी डार्क, म्हणजे जास्त भाजलेल्या दाण्यांची कॅप्सूलच घ्या. लाइट रोस्टची (कमी भाजलेल्या दाण्यांची) आंबटसर चव दुधात ताक पडल्यासारखी वाटते. चिकोरीवाल्या फिल्टर कॉफीचा दाटपणा मात्र डार्कमध्येही मिळणार नाही; ती अपेक्षा ठेवूनच कुणी घेत असेल तर घेऊ नये.

पाण्याबद्दल एक गैरसमज आहे: अर्क कारखान्यात काढलाय, मग घरचं पाणी कसंही चालेल. कपातला जवळजवळ नऊ-दशांश भाग आपल्याच नळाचा असतो. क्लोरीनचा वास थेट वर येतो आणि जड पाण्यातला बायकार्बोनेट आम्लता मारून इथिओपियाच्या कॉफीची लिंबा-फुलांसारखी चव सपाट करतो. फिल्टर बसवलेला साधा पाण्याचा जग वापरला की फरक पहिल्याच कपात कळतो. मोठा 350 मिलीचा मग काठोकाठ भरण्याचा मोहही आवरावा. एका कॅप्सूलमध्ये तेवढी ताकद नाही.

गार कॉफीत हा प्रकार सगळ्यात सरस आहे. रात्री कॅप्सूल झाकण वर ठेवून फ्रिजमध्ये ठेवायची, सकाळी 120 मिली गार पाणी, मूठभर बर्फ, वर अर्क. वितळलेली कॅप्सूल तीन दिवसांत संपवावी आणि पुन्हा गोठवू नये. घरचा फ्रीझर हळू गोठवतो, मोठे स्फटिक होतात, दाट भाग एका बाजूला ढकलला जातो आणि चव फुटते.

म्हणूनच खोका आला की कॅप्सूल कानाशी हलवून बघायच्या. आत काही हिंदकळलं तर ती सरळ फ्रिजमध्ये, आधी प्यायच्या रांगेत. गोळ्याचा वरचा पृष्ठभाग तिरपा दिसला तर तो वाटेत वितळून पुन्हा गोठला असावा. कोरडा बर्फ उणे 78 अंशांचा असतो. उघड्या हातानं उचलू नका, सिंकमध्ये टाकू नका, खिडकी उघडून उडून जाऊ द्या. फ्रीझरमध्ये कॅप्सूल मागच्या कोपऱ्यात ठेवा, दारात नको. झाकण बंद असल्यानं शेजारच्या मासळीचा किंवा खवलेल्या नारळाचा वास लागत नाही, पण पुरणपोळ्या आणि शेवग्याच्या शेंगांनी भरलेल्या फ्रीझरमध्ये 32 कॅप्सूलना जागा करणं हाच खरा घरगुती प्रश्न आहे.

सात महिने फ्रीझरमध्ये राहिलेली कॅप्सूल नवीशेजारी ठेवून चाखली तर फरक ओळखता आला नाही. ताज्या दळलेल्या पोअर-ओव्हरशी (कागदी फिल्टरमधल्या पुडीवर हातानं पाणी ओतून केलेल्या कॉफीशी) तुलना केली तर गोडवा आणि स्वच्छपणा बरोबरीचा आहे, नाकाला येणारा पहिला सुगंध मात्र थोडा कमी. दळतानाचा वास तर नाहीच.

पैशांचं बघायचं तर 20 डॉलरच्या 340 ग्रॅम दाण्यांत, 15 ग्रॅमच्या हिशेबानं, बावीस कप होतात, म्हणजे कप 90 सेंटला. ज्याच्याकडे बरा ग्राइंडर आहे आणि सकाळी पाच मिनिटं आहेत, त्यानं दुप्पट पैसे देऊ नयेत. एकाच घरात एकाला डीकॅफ, दुसऱ्याला केनिया आणि तिसऱ्याला चहा हवा असतो, तिथे हे पैसे वसूल होतात.

रिकाम्या कॅप्सूल ॲल्युमिनियमच्या असतात; रिसायकलिंगसाठी त्या विसळून एखाद्या मोठ्या ॲल्युमिनियमच्या डब्यात साठवा. सुट्या टाकल्या तर छोट्या वस्तू वर्गीकरणाच्या यंत्रातून खाली गळतात. आणि पुण्या-मुंबईला नातेवाइकांसाठी न्यायचा बेत असेल तर तो सोडा. विमानात कोरडा बर्फ माणशी 2.5 किलोपर्यंतच, तोही एअरलाइनच्या परवानगीनं, आणि दाराशी पोचेपर्यंत त्यातलं फारसं काही उरत नाही. त्यांच्यासाठी दाणेच न्या.