मुलांसाठीचं वारली पेंटिंग किट: घेतल्यानंतर 7 महिन्यांनी अनुभव

जूनमध्ये लेकीसाठी (वय 7) ऑनलाइन वारली किट मागवलं होतं, 450 रुपयांना. घेताघेता रिव्ह्यू लिहिण्यात अर्थ नव्हता म्हणून आत्ता लिहितेय.

आत 6 गेरू रंगाचे कोस्टर, पांढऱ्या ॲक्रेलिकची एक बाटली, 2 ब्रश. रंग अर्धा सुकलेला निघाला, मेल केला तर उत्तरच नाही. पण मला जास्त खटकलं ते वेगळंच, कोस्टरवर चित्रं आधीच छापलेली, पोरांनी फक्त त्या रेषेवरून ब्रश फिरवायचा. दोन दिवसांत सहाही कोस्टर संपले आणि लेक म्हणाली, "आई, यात मी काय काढलं?" तिचं बरोबरच होतं.

मग किट बाजूला ठेवलं आणि ते ज्या खोक्यातून आलं त्याच्याच पुठ्ठ्याला गेरू लावला, थोडं फेविकॉल घालून, नाहीतर हाताला लागत राहतो. तांदूळ रात्री भिजत घातले, सकाळी मिक्सरला अगदी गंधासारखे बारीक वाटले, त्यात जरा डिंकाचं पाणी. ब्रशऐवजी बांबूची काडी, टोक ठेचून. डहाणू-तलासरीकडे वारली बायका लग्नाचा चौक (लग्नघराच्या भिंतीवरचं चित्र) लिहितात तो असाच तांदळाच्या पिठाने, हे तिला तेव्हाच सांगितलं. पिठाची रेघ ओली असताना जेमतेम दिसते, लेकीला वाटलं उमटलीच नाही, ती हिरमुसून उठली आणि दहा मिनिटांनी येऊन बघते तर सगळं पांढरंशुभ्र! तेव्हाचा तिचा चेहरा मी विसरणार नाही. (उरलेलं पीठ फ्रीजमध्ये ठेवा, बाहेर आंबतं.)

दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणूस होतो, हे तिला एका दुपारात जमलं. वेळ लागला तो बघायला शिकण्यात, आणि खरं सांगायचं तर तो मलाही लागला. जिव्या सोमा मशे यांचं मासेमारीच्या जाळ्याचं चित्र (डहाणूजवळच्या गंजाडचे वारली चित्रकार, यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली) फोनवर मोठं करून दाखवलं तर ती म्हणाली जाळं किती छान, आणि पुढे गेली. मी म्हटलं थांब, एकाच कोपऱ्याकडे बघ. मग तिच्या लक्षात आलं की सगळं जाळं बारीक बारीक रेघांचंच आहे, आणि तिने बोट ठेवून मोजायला घेतलं, मोजता मोजता हरली. तेव्हापासून कुठलंही चित्र असो, आधी एक कोपरा निवडायचा हा आमचा नियम झालाय. तारप्याच्या नाचात सगळे एकमेकांना धरून गोल नाचतात, मधे तारपा वाजवणारा, आणि कुणी त्याच्याकडे पाठ करत नाही, हे मात्र तिनेच मला दाखवलं.

तर किट घ्यावं का? छापील रेषांचं असेल तर मी नाही सांगणार. त्याच पैशात किलोभर गेरू, डिंक, जाड पुठ्ठे येतात आणि पुष्कळ उरतात. पाच वर्षांखालच्या मुलांना काडीचं टोक देताना मात्र शेजारी बसा. आणि गेरू फरशीवर सांडला तर लगेच पुसा, कपड्यावरचा डाग आमच्याकडे अजून तसाच आहे.