मुलुंड पूर्वेला भाड्यासाठी घेतलेला वन बीएचके: दीड वर्षानंतरचा हिशोब

भाड्यात कर्जाचा हप्ता निघत नाही. मुंबईत आजच्या भावाने घर घेणाऱ्या कुणाचाच निघत नाही, आणि हे आधी मान्य करूनच आम्ही दोघी बहिणी या व्यवहारात उतरलो. तरीही घेतलं, आणि आज विचारलंत तर घेतलं ते बरं केलं असंच सांगेन. पण "भाडं येत राहील, घर आपोआप फिटेल" असं सांगून जे कुणी फ्लॅट विकतात त्यांचा मला मनापासून राग येतो, म्हणून आकड्यांसकट लिहिते आहे.

घर रिसेलचं, स्टेशनपासून चालत, कार्पेट ४०० चौरस फुटांच्या जरा आत. २०२४च्या दिवाळीत व्यवहार पूर्ण झाला, किंमत ९२ लाख. फक्त बायकांच्या नावावर खरेदी असल्याने मुद्रांक शुल्क सहाऐवजी पाच टक्के, म्हणजे ४ लाख ६० हजार. (नवऱ्याचं किंवा भावाचं नाव जोडलं की ही सवलत जाते. पलीकडे ठाण्यात शुल्क मुळातच एक टक्का जास्त आहे.) नोंदणी ३० हजार, दलाली एक टक्का, सोसायटीचं ट्रान्सफर प्रीमियम २५ हजार, आणि प्लंबिंग, वायरिंग, रंग मिळून ३ लाख ४० हजार. एकूण आकडा एक कोटी एक लाखाच्या पुढे गेला. मुद्रांक आणि नोंदणीचे पैसे बँक किमतीत धरत नाही, ते खिशातूनच घालावे लागतात. आम्ही कर्ज फक्त ४० लाख घेतलं. बाकी बाबांच्या पश्चात आलेले पैसे आणि आमच्या दोघींच्या ठेवी.

आता मिळकत. भाडं महिना २७ हजार, वर्षाचे ३ लाख २४ हजार. त्यातून सोसायटीचं मेंटेनन्स ३,८०० महिना, त्यातच नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहत नसला की सोसायटी लावते ते) आले. हे चार्जेस सर्व्हिस चार्जेसच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाहीत. आमच्या पहिल्या बिलात जास्त लावले होते, २००१च्या शासन आदेशाचा उल्लेख करून पत्र दिल्यावर पुढच्या बिलात दुरुस्त झाले. पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना महापालिकेने २०२२पासून मालमत्ता कर माफ केलाय, तो एक दिलासा. भाडेकरू आणणाऱ्या एजंटला एक महिन्याचं भाडं, आणि वर्षभरातली किरकोळ दुरुस्ती १५ हजार. हातात राहिले साधारण २ लाख ३६ हजार. घातलेल्या पैशांवर सव्वादोन टक्क्यांहून किंचित जास्त.

कर्जाचा दर घेताना साडेआठ होता, वीस वर्षांचा हप्ता ३४,७१३. पहिल्या वर्षात नुसतं व्याजच ३ लाख ३७ हजारांच्या आसपास, म्हणजे अख्ख्या भाड्याहून जास्त. आणि हे निम्म्याहून अधिक पैसे स्वतःचे घालून! २०२५मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर साडेसहावरून सव्वापाचवर आणला, तेव्हा आमचाही दर उतरला. बँकेने हप्ता तोच ठेवून मुदत कमी केली. हप्ता कमी करायचा की मुदत, हे ग्राहक ठरवू शकतो. आम्ही मुदतच कमी राहू दिली. कराच्या बाजूने सांगायचं तर दोघीही नव्या करप्रणालीत आहोत, तिथे भाड्यातून तीस टक्के प्रमाणित वजावट आणि व्याज वजा होऊन भाड्यावर कर उरत नाही, पण वरचा तोटा पगारातून वजा करता येत नाही. गणित मांडताना जुन्या प्रणालीतली दोन लाखांची वजावट गृहीत धरून कुणी आकडे दाखवत असेल तर तिथेच थांबवा.

कागदांचं एक सांगते, कारण यात लोक फार अडकतात. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर विकणाऱ्याला पैसे देताना एक टक्का टीडीएस खरेदीदाराने कापून भरायचा असतो. आमच्या वेळी तो फॉर्म २६क्यूबीने भरायचा होता. विकणारे नवरा-बायको, घेणाऱ्या आम्ही दोघी. प्रत्येक जोडीचा फॉर्म वेगळा, म्हणजे चार फॉर्म. बहिणीने रविवारी दुपारी चारही चलनं स्वयंपाकघराच्या ओट्यावर ओळीने मांडून पॅन नंबर एकेक करून ताडून पाहिले, मगच भरले. वकिलांना इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा उतारा), शेअर सर्टिफिकेट, ओसी (इमारतीचा वापर परवाना) आणि कन्व्हेयन्स (जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर झाल्याचा दस्त) हे चारही कागद दाखवल्याशिवाय आम्ही टोकन दिलं नाही. जुन्या इमारतींत ओसी आणि कन्व्हेयन्सच बहुतेकदा गहाळ असतात.

भाडेकरूंबद्दल मला जास्त लिहायचंय, कारण खरा अनुभव तिथेच आहे. आमच्याकडे दोन मुली राहतात, एक नर्स, एक बँकेत. सोसायटीतून लगेच "बॅचलर्स नकोत" असा निरोप आला. भाड्याने देण्यासाठी सोसायटीची परवानगी लागत नाही, कळवावं लागतं. ताई म्हणून मीच कमिटीसमोर बसले, नोंदणीकृत करार आणि पोलिसांकडे दिलेल्या माहितीची प्रत ठेवली, विषय मिटला. लिव्ह अँड लायसन्सचा करार (म्हणजे आपला भाडेकरार) नोंदवणं ही कायद्याने मालकाची जबाबदारी आहे. मुद्रांक पाव टक्का, नोंदणी हजार रुपये, माणूस अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो. नोटरी करून भागवू असं म्हणणाऱ्या एजंटाला सरळ नाही म्हणा.

पहिल्या पावसाळ्यात बाथरूमच्या छताला ओल आली. मुलींनी फोटो पाठवला, संध्याकाळी प्लंबरला घेऊन गेलो. वरच्या काकांनी दार उघडेपर्यंत आम्ही तयारीतच होतो वादाच्या, पण ते बिचारे स्वतःच म्हणाले, या, बघा. प्लंबरने त्यांच्या नहाणी ट्रॅपला बोळा घालून बाथरूममध्ये रंगीत पाणी साठवलं. तासाभरात आमच्या छताच्या कोपऱ्यात लालसर थेंब जमायला लागला. वरच्या संडास-बाथरूममधली गळती ही वरच्या सभासदाची जबाबदारी, सोसायटीची नाही. काकांनी टाइल्स काढून वॉटरप्रूफिंग करून घेतलं, आमचा रंग आम्ही केला. त्या दिवसांत मुलींच्या भाड्यातून दोन हजार वजा केले. त्यांनी मागितले नव्हते. चांगला भाडेकरू टिकला की एजंटाचा एक महिना आणि रिकाम्या घराचे दोन महिने वाचतात, पण मुख्य म्हणजे ओल्या छताखाली राहणाऱ्याकडून पूर्ण पैसे घेणं मला पटत नाही.

मग घेतलं कशासाठी? जागेसाठी. इमारत तीस वर्षांहून जुनी, आणि मुलुंड पूर्वेला गल्लोगल्ली पुनर्विकास चाललाय. पण "बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जातेय" या वाक्याचे पैसे आम्ही मोजले नाहीत. एजंटने त्यापोटी सात लाख चढवले होते. आम्ही एकच विचारलं, सहकार कायद्याच्या ७९-अ खाली पुनर्विकासासाठी सर्वसाधारण सभेचा ठराव झालाय का, ५१ टक्के सभासदांची संमती कागदावर आहे का? नव्हती. किंमत खाली आली. मेट्रो ४ च्या नावाने पूर्वेला भाव सांगणाऱ्यांनाही विचारा की ती पश्चिमेला एलबीएस रस्त्यावरून जाते, मग इथल्या माणसाला तिचा उपयोग किती? आमच्या भाडेकरूंनी घर निवडलं ते लोकलच्या स्टेशनमुळे.

उद्या भाव वाढून विकलं तर दोन वर्षांनंतरच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर, इंडेक्सेशन (महागाईनुसार खरेदीची किंमत वाढवून धरणं) नाही, कारण आमची खरेदी २३ जुलै २०२४ नंतरची. कर्ज सोडून स्वतःचे घातलेले हेच ६१ लाख ठेवीत असते तर वर्षाला चार लाखांच्या वर व्याज आलं असतं. ज्यांना महिन्याची मिळकत हवी आहे, निवृत्त आहेत किंवा नोकरी डळमळीत आहे, त्यांनी मुंबईत भाड्यासाठी फ्लॅट घेऊ नये, हे मी ठामपणे सांगते. दोन स्थिर पगार, निम्म्याहून जास्त स्वतःचे पैसे आणि दहा-बारा वर्षं थांबायची तयारी असेल तरच बघा.

फ्लोटिंग दराच्या गृहकर्जाला मुदतीआधी पैसे भरल्यास दंड नसतो. यंदा दोघींचा बोनस तिकडेच जाईल, आणि मुलींचा करार त्याच भाड्यावर पाच टक्के वाढवून पुढे न्यायचं ठरलंय.