पीएनआर आला म्हणजे तिकीट आलं असं नाही

दुबई, शारजा, अबुधाबीत काम करणाऱ्या सांगली-साताऱ्याच्या मुलांना गावी यायला लांब रजा लागत नाही. मुंबईपर्यंत विमान तीन-सव्वातीन तासांचं. अमिरातीच्या राष्ट्रीय दिनाची २ आणि ३ डिसेंबरची सुट्टी शनिवार-रविवारला लागून आली, की चार दिवसांत आई-वडिलांना भेटून परत कामावर हजर होता येतं. पण भाडं तेव्हाच चढलेलं असतं आणि रजा मंजूर झालेला माणूस घाईत असतो. तिकिटाच्या नावानं पैसे उकळणारे याच दिवसांची वाट बघतात.

असा एजंट बहुतेक वेळा गावाकडच्याच कुणाच्या तरी ओळखीतून व्हॉट्सॲपवर येतो. पासपोर्टचा फोटो मुलाकडून घेतो आणि पैसे मात्र गावातल्या वडिलांकडून यूपीआयनं मागतो. दिरहम बदलण्यात नुकसान नको, असं कारण देतो. "तात्या, पोराचं सीट धरलंय, तासाभरात टाका, नाहीतर भाडं वाढंल." प्रवास करणारा एक, पैसे भरणारा दुसरा. तिकिटात काय बघायचं हे वडिलांना ठाऊक नसतं. मुलाला पीएनआर, म्हणजे बुकिंगचा क्रमांक, मिळालेला असतो, म्हणून तो निर्धास्त. दुसऱ्यानं बघितलं असेल असं दोघांनाही वाटतं आणि प्रत्यक्षात कुणीच बघत नाही.

आणि तो पीएनआर खोटा नसतो, हेच लोकांच्या लक्षात येत नाही. विमान कंपनीला पैसे न भरताही एजंटला जागा काही काळ धरून ठेवता येते, कधी काही तास, कधी एक-दोन दिवस. तेवढ्या वेळात विमान कंपनीच्या वेबसाइटवर पीएनआर आणि आडनाव टाकलं तर नाव, तारीख, विमान सगळं बरोबर दिसतं. मुदतीत तिकीट काढलं नाही की जागा आपोआप सुटते. तोवर वडिलांचे पैसे गेलेले असतात.

म्हणून पीडीएफ आली की तिच्यात तिकीट क्रमांक शोधा. पीएनआर सहा अक्षर-अंकांचा असतो, तर ई-तिकिटाचा क्रमांक १३ आकडी असतो आणि त्याचे पहिले तीन आकडे विमान कंपनीचे असतात: एअर इंडियाचे ०९८, एमिरेट्सचे १७६. नावासमोर नुसतं 'एचके' (जागा धरल्याची खूण) किंवा 'कन्फर्म्ड' लिहिलेलं असेल आणि १३ आकडे कुठंच नसतील, तर जागा फक्त धरलेली आहे. पीडीएफमधली ओळ खोडता येते, नवा आकडा टाइप करता येतो, तेव्हा हा क्रमांक विमान कंपनीच्याच वेबसाइटवर किंवा ॲपवर पडताळून घ्या, एजंटनं पाठवलेल्या लिंकवर नव्हे. काही स्वस्त विमान कंपन्या फक्त पीएनआर देतात. तिथं बुकिंग उघडून पूर्ण पैसे भरलेले दिसतात की बाकी दाखवतंय, ते बघायचं.

दुसरा प्रकार याहून वाईट. तिकीट खरंच काढलं जातं, तुम्ही तपासता, समाधान होतं, उरलेले पैसे पाठवता. मग एजंट तेच तिकीट रद्द करतो. परतावा ज्या खात्यातून किंवा कार्डावरून पैसे भरले तिथंच जातो, म्हणजे त्याच्याकडे. रद्द झाल्याचा मेसेजही त्यालाच जातो, कारण बुकिंग करताना त्यानं स्वतःचा मोबाईल आणि ईमेल टाकलेला असतो. बुकिंग झाल्या दिवशीच त्यात तुमचा नंबर आणि ईमेल घालून घ्या आणि तिकीट तिसऱ्या दिवशी व निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा उघडून बघा. बाजारभावाच्या निम्म्यात तिकीट मिळत असेल तर ते चोरीच्या कार्डावर काढलेलं असू शकतं. कार्डाच्या मालकानं तक्रार केली की ते रद्द होतं, कधी विमानतळावर पोचल्यावर. शक्य असेल तर मुलानं स्वतःच्या कार्डानं थेट विमान कंपनीकडे पैसे भरावेत. कार्डाच्या व्यवहारावर बँकेकडे हरकत घेता येते. यूपीआयनं स्वतःहून पाठवलेले पैसे परत मिळवणं फार अवघड.

गाडीचंही थोडं. मुंबई विमानतळापासून सांगली पावणेचारशे किलोमीटरच्या पुढं आहे, त्यामुळं घरचे आधीच क्यूआरवर ॲडव्हान्स टाकतात आणि पहाटे दोनला गाडी येतच नाही. गाडीचा नंबर मागून एमपरिवहन या सरकारी ॲपवर बघा. पेट्रोल-डिझेलच्या भाड्याच्या गाडीची पाटी पिवळी असते, पांढऱ्या पाटीची गाडी खासगी. टोलचा हिशेबही तोंडपाठ असू द्या. पुण्याहून साताऱ्याला येताना खेड-शिवापूर आणि आनेवाडी लागतात. सांगलीसाठी त्यात तासवडेची भर पडते. किणी नाका पेठ नाक्याच्या पुढं कोल्हापूरच्या बाजूला आहे, पेठवरून इस्लामपूर-आष्टामार्गे सांगलीला वळणाऱ्या गाडीला तो लागतच नाही, तरी बिलात दिसतो. वाशीचा टोलही तसाच: ऑक्टोबर २०२४ पासून तिथं हलक्या वाहनांना माफी आहे.

फसवणूक लक्षात आली की एजंटशी वाद घालत दोन दिवस घालवू नका. "संध्याकाळपर्यंत देतो" म्हणत तो तेवढा वेळच काढत असतो, आणि मुलगा परत जाणार आहे हे त्याला माहीत असतं. ज्यांच्या खात्यातून पैसे गेले त्यांनी लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करावा. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (पैसे पाठवल्याच्या नोंदीत दिसतो तो), रक्कम, वेळ आणि समोरचा यूपीआय आयडी हाताशी ठेवावा. पैसे समोरच्या खात्यात असेपर्यंतच ते गोठवता येतात, तिथं तासांचा फरक पडतो. मग बँकेत लेखी तक्रार द्या आणि सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर नोंद करा. एजंट मुंबईचा असो की दुबईचा, तुमच्या जवळच्या पोलीस ठाण्यात झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता घेतलेली फिर्याद, नोंदवता येतो. 'आमची हद्द नाही' म्हणाले तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ दाखवा. व्हॉट्सॲपवरचं संभाषण आणि मूळ पीडीएफ दोघांच्याही फोनमध्ये तशीच राहू द्या, नुसते स्क्रीनशॉट ठेवून चॅट डिलीट करू नका.