वानराच्या केसांचा रंग मोजायचाय: तक्ता, स्पेक्ट्रोमीटर की कॅमेरा?

सह्याद्रीतल्या वानरांच्या जाती नेमक्या किती, हा वाद अजून मिटलेला नाही, आणि त्याचं एक कारण केसांचा रंग आहे. हातपाय किती काळे, पाठ किती करडी, यावरून जाती-उपजाती पाडल्या गेल्या. पण ‘काळपट’ म्हणजे किती, हे ज्यानं त्यानं आपल्या डोळ्यानं ठरवलं. म्हणून मोजायची पद्धत नीट निवडा.

माती तपासणारे वापरतात तो मन्सेलचा रंगतक्ता, म्हणजे आकडे दिलेल्या रंगांचे चौकोन, सगळ्यात सोपा. पण वानर फांदीवर सावलीत आणि तक्ता तुमच्या हातात उन्हात, मग दोघांचे आकडे जुळणार कसे? जन्मतः काळपट असलेलं पिल्लू उजळायला लागलं का, एवढंच टिपायचं असेल तर तो पुरे.

कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश केसांवरून किती परततो ते मोजणारा स्पेक्ट्रोमीटर अचूक खरा, ३०० ते ७०० नॅनोमीटरपर्यंत, म्हणजे अतिनीलपासून लालपर्यंत, सगळं दाखवतो. अडचण एवढीच की केस हाताशी लागतात. जनावर पकडायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, आणि निव्वळ रंगासाठी लेकुरवाळ्या मादीला जाळ्यात धरणं मला पटत नाही. झाडाखाली सापडलेले केस कुणाचे ते कळत नाही. संग्रहालयातली जुनी कातडी काळानुसार रंग बदलतात. मात्र प्रश्न रंगद्रव्याचा असेल तर केस तपासण्याला पर्याय नाही. कोस्टा रिकातल्या काळ्या केसांच्या हाउलर माकडांच्या पायांवर-शेपटीवर पिवळे डाग दिसू लागले, तेव्हा तिथे युमेलॅनिन या काळ्या रंगद्रव्याऐवजी फिओमेलॅनिन हे पिवळसर-तांबूस रंगद्रव्य आहे हे अशा तपासणीतूनच उघड झालं. शेतांतल्या गंधकयुक्त कीटकनाशकांवर संशय आहे.

बाकी बहुतेक कामांना मी कॅमेराच सुचवेन, पण शिस्तीनं वापरलेला. फोटो रॉ फॉरमॅटमध्येच घ्या. जेपेग करताना कॅमेरा रंगांत स्वतःची ढवळाढवळ करतो. फ्लॅश नको. वानर उठून गेलं की लगेच त्याच जागी, त्याच उजेडात २४ चौकोनांचं रंगकार्ड धरून दुसरा फोटो घ्या, सेटिंग न बदलता. हे चुकलं तर संध्याकाळच्या उन्हात करडी पाठ सोनेरी दिसते आणि तोच आकडा वहीत जातो. कॅमेऱ्याला अतिनील दिसत नाही, हा आक्षेप इथे फारसा लागू नाही: वानरांची रंगदृष्टी आपल्यासारखीच, डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या शंकूपेशींची. बिबट्याच्या नजरेचा विचार करायचा तर गणित वेगळं, त्याच्याकडे दोनच प्रकार आहेत.

शरीराचा भाग ठरलेला असू द्या. खांदा घेतला तर प्रत्येकाचा खांदाच. पावसात भिजलेलं किंवा तांबड्या धुळीत लोळलेलं वानर त्या दिवशी सोडून द्या. आणि कळप मोजायच्या आधी एकाच ओळखीच्या मादीचे चार वेगवेगळ्या दिवशी फोटो काढा. तिचेच आकडे कळपातल्या फरकाइतके हलत असतील, तर अजून मोजणी सुरू करू नका.