यूएसबीएएसपी प्रोग्रॅमर: चार ‘मेलेल्या’ चिपांनंतरचा अभिप्राय

नाशिकमधील सातपूरला माझे छोटेसे दुरुस्तीचे टेबल आहे आणि त्यावर येणाऱ्या कामांपैकी मोठा वाटा दिंडोरी व निफाड तालुक्यांतील शेतीपंपांच्या ऑटो स्टार्टर बोर्डांचा असतो. थ्री फेज वीज रात्री-अपरात्री येते. ती आली की मोटार आपोआप सुरू व्हावी आणि एखादा फेज गेला की लगेच बंद पडावी, एवढी राखण या बोर्डांवरील एटमेगा8 किंवा एटमेगा328पी ही चिप करत असते. मूळ चिपमधील प्रोग्रॅम बहुधा लॉक केलेला असल्यामुळे तो वाचून दुसरीत उतरवता येत नाही, म्हणून मी स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम नव्या चिपमध्ये भरून ती बोर्डावर बसवतो. या कामासाठी आजवर आर्डुइनो ऊनो हा तयार सर्किट बोर्ड वापरत होतो. तो भाच्याच्या कॉलेज प्रोजेक्टसाठी गेला आणि परत येण्याची चिन्हे दिसेनात, तेव्हा रविवार कारंजाच्या बाजूला असलेल्या एका दुकानातून 310 रुपयांना यूएसबीएएसपी, म्हणजे संगणकाच्या यूएसबीवरून चिपमध्ये प्रोग्रॅम भरणारा प्रोग्रॅमर, घेतला. सोबत दहा पिनांची रिबन केबल मिळाली आणि एटमेगा328पीच्या म्हणून चार कोऱ्या चिप्स घेतल्या. तीन महिने वापरल्यानंतर हा अभिप्राय लिहीत आहे.

यूएसबीएएसपी हे कोणा एका कंपनीचे उत्पादन नाही, हे खरेदीपूर्वी लक्षात घ्यायला हवे. जर्मनीतील थॉमस फिशल यांनी त्याची रचना आणि फर्मवेअर (उपकरणाच्या आतला प्रोग्रॅम) खुले ठेवले आहे, त्यामुळे कोणीही ते बनवून विकू शकतो आणि बाजारात मिळणारी जवळपास सगळी उपकरणे अशा निनावी नकला असतात. रचना मात्र हुशारीची आहे. यूएसबीसाठी वेगळी चिप न वापरता 12 मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर (ठोके देणाऱ्या भागावर) चालणारी एटमेगा8 हीच यूएसबीचे सारे बोलणे सॉफ्टवेअरने सांभाळते. म्हणूनच किंमत इतकी कमी राहते. नकलेत काय गाळले आहे हे विकणाराला माहीत नसते आणि घेणाराला ते अडचण आल्यावरच कळते.

पहिल्या दिवशी ड्रायव्हरने थोडा वेळ घेतला. विंडोजवर झाडिग या छोट्या प्रोग्रॅमने लिबयूएसबीके ड्रायव्हर बसवल्यावर एव्हीआरडूड या चिप भरणाऱ्या सॉफ्टवेअरला प्रोग्रॅमर दिसू लागला. यूएसबी उपकरण सापडत नाही असा संदेश येत असेल, तर अडचण संगणक आणि प्रोग्रॅमर यांच्यामध्येच आहे आणि चिपकडे पाहण्याचे कारण नाही, एवढे ध्यानात ठेवले तरी बराच त्रास वाचतो.

खरी अडचण पुढच्या संदेशाची आहे. ‘टार्गेट डझन्ट आन्सर’, म्हणजे समोरची चिप उत्तर देत नाही, हे एकच वाक्य हे उपकरण अनेक वेगवेगळ्या आजारांसाठी वापरते. याचे कारण त्याच्या कामाच्या पद्धतीत आहे. रिसेटची तार खाली धरून प्रोग्रॅमर चिपला चार बाइटची एक आज्ञा पाठवतो, ज्यात दुसरा बाइट 53 हेक्स असतो. चिप जागी असेल, तर पुढचा बाइट जात असताना ती तोच 53 मिसो या चिपकडून येणाऱ्या तारेवरून परत पाठवते. हा प्रतिध्वनी आला नाही की प्रोग्रॅमरपुरते सगळे संपले. तार तुटली असो, वीज नसो, क्लॉक, म्हणजे चिपला चालवणारे ठोके, बंद असो किंवा वेग जास्त असो, त्याला यांतला फरक कळत नाही आणि तो आपल्याला सांगतही नाही.

ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता भाग खोचायच्या पाटीवर, लावलेल्या माझ्या चारही चिपांनी हाच संदेश दिला. दुकानात फोन केला, तेव्हा ‘सर, प्रोग्रॅमर चेक करूनच देतो, चिपच गेल्या असतील, ब्रेडबोर्डवर उलट्या लावल्या का?’ असे उत्तर मिळाले आणि चिप परत घेतली जाणार नाही हेही लगोलग सांगितले गेले. चिप उलटी लावलेली नव्हती. 28 पिनांच्या या चिपमध्ये रिसेट पिन 1 वर, मोसी (चिपकडे जाणारी माहिती) 17 वर, मिसो 18 वर आणि एससीके (प्रोग्रॅमरने दिलेले ठोके) 19 वर असते. 7 आणि 20 या दोन्ही पिनांना 5 व्होल्ट व 8 आणि 22 या दोन्हींना ग्राउंड द्यावे लागते. पुष्कळ जण 20 क्रमांकाची एव्हीसीसी मोकळी सोडतात. ती जोडावीच आणि वीजपुरवठ्याच्या पिनांजवळ 100 नॅनोफॅरडचा एक कपॅसिटर लावावा.

माझ्याकडे जुन्या आर्डुइनोतून काढलेली, 16 मेगाहर्ट्झ क्रिस्टलवर चालणारी एक खात्रीची चिप होती. ती त्याच जागी तिच्या क्रिस्टलसह लावली, तर तीही गप्प. मग मल्टिमीटर बझरवर ठेवून रिबन केबल एकेक पिन करून तपासली, तेव्हा पिन 9 म्हणजे मिसो एका टोकाला तुटलेली आढळली. कनेक्टर दाबताना त्याच्या दाताने तार पकडलेलीच नव्हती. दहा पिनांच्या कनेक्टरवर 1 मोसी, 2 व्हीसीसी, 5 रिसेट, 7 एससीके, 9 मिसो आणि 10 ग्राउंड असा क्रम असतो. त्या सहा जागांवरून सुट्या जंपर वायर ओढल्या आणि जुनी चिप पहिल्या फटक्यात बोलली. नव्या चारही मात्र तशाच गप्प राहिल्या.

खात्रीची एक चिप हाताशी ठेवण्याचा फायदा इथे कळला, कारण तारा त्याच, प्रोग्रॅमर तोच आणि ब्रेडबोर्डही तोच असताना जुनी बोलते व नवी बोलत नाही, म्हणजे फरक चिपमध्येच, आणि चारही एकदम मेल्या नसतील तर बहुधा तिच्या क्लॉकमध्ये, असला पाहिजे. कारखान्यातून येणारी एटमेगा328पी तिच्या आतल्या 8 मेगाहर्ट्झ ऑसिलेटरवर चालते. पण तो वेग आठाने भागणारा फ्यूज (चिपमधील कायम राहणारी सेटिंग) आधीच लागलेला असल्यामुळे प्रत्यक्षात ती 1 मेगाहर्ट्झवर असते. एटमेगा8 देखील 1 मेगाहर्ट्झवरच येते. प्रोग्रॅमरच्या एससीकेचा वेग चिपच्या क्लॉकच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा कमी असावा लागतो, म्हणजे कोऱ्या चिपसाठी 250 किलोहर्ट्झच्या आत. आणि यूएसबीएएसपीचा ठरलेला वेग 375 किलोहर्ट्झ. नव्या चिपांना ही आज्ञा झेपणारच नव्हती. मेलेले कोणीही नव्हते.

यावर सोपा उपाय असा की एव्हीआरडूडला कॅपिटल बी हा पर्याय देऊन पुढे 10 लिहावे, म्हणजे वेग 93.75 किलोहर्ट्झवर उतरतो. माझ्या प्रोग्रॅमरने ते मानले नाही. एससीकेचा अवधी बदलता येत नाही, फर्मवेअर अद्ययावत आहे का ते पाहा, असा इशारा आला. 2011 सालापासून उपलब्ध असलेले फर्मवेअर ज्या नकलेत अजूनही भरलेले नाही, ती नक्कल आजही नवी म्हणून विकली जाते, याला काय म्हणावे ते मला सुचत नाही. मूळ रचनेत जुन्या फर्मवेअरसाठी जेपी3 नावाचा एक जंपर आहे, जो लावला की वेग थेट सुमारे 8 किलोहर्ट्झवर येतो. माझ्या बोर्डावर त्याच्या जागी दोन मोकळी छिद्रे होती. त्यांत तारेचा तुकडा सोल्डर केला आणि चारही चिपांनी उत्तर दिले.

8 किलोहर्ट्झवर काम होते, पण गोगलगायीच्या गतीने. एक बाइट पोहोचवायला चार बाइटची आज्ञा लागते, म्हणजे 32 बिट, म्हणजे सुमारे 4 मिलिसेकंद. 32 किलोबाइट भरायला दोन मिनिटांहून जास्त आणि तेवढीच पडताळणीला. माझा प्रोग्रॅम 6 किलोबाइटचा असल्यामुळे निभावले. तरीही फर्मवेअर बदलायचे ठरवले आणि त्यासाठी दुसरा प्रोग्रॅमर हवा असल्याने अंबडच्या मित्राचा ऊनो मागून आणला. त्यात ऊनोलाच प्रोग्रॅमर बनवणारे आर्डुइनो आयएसपीचे स्केच (प्रोग्रॅम) भरले, मग ऊनो स्वतः रिसेट होऊ नये म्हणून त्याच्या रिसेट आणि ग्राउंडमध्ये 10 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, यूएसबीएएसपीवरील, त्याचे स्वतःचे फर्मवेअर भरू देणारा, जेपी2 जंपर जोडला आणि ऊनोच्या 10 ते 13 या पिनांवरून रिसेट, मोसी, मिसो व एससीके त्याच दहा पिनी कनेक्टरवर नेल्या. या वेळी यूएसबीएएसपी संगणकाला लावायचा नसतो, त्याला वीज ऊनोकडूनच मिळते. पाच मिनिटांत काम झाले. ज्याच्याकडे ऊनो आहे त्याला हा प्रोग्रॅमर घेण्याची घाई नसते आणि ज्याच्याकडे नाही त्याला तो दुरुस्त करता येत नाही, ही या खरेदीतील गंमत आहे.

वेगाचा प्रश्न सुटल्यावर दोन चिपांनी आणखी काही शिकवले. एकीची सही, म्हणजे चिपचा प्रकार सांगणारे तीन बाइट, 1ई 95 0एफ यायला हवी होती, ती 1ई 95 14 आली. भिंगातून पाहिले तर तिच्यावर एटमेगा328-पीयू असे छापलेले होते, एटमेगा328पी-पीयू असे नव्हते. शेवटचे पीयू केवळ बाहेरच्या पॅकेजचे नाव आहे. त्यातला पी पाहून मीही फसलो आणि दुकानदारही. बनावट माल म्हणण्यासारखे यात काही नाही, एव्हीआरडूडला योग्य नाव दिले की चिप चालते. सही जुळत नाही म्हणून तपासणी बंद करण्याचा पर्याय काही जण सर्रास वापरतात, तो मात्र टाळावा, कारण सही 00 00 00 येत असेल तर तो तारेतला दोष असू शकतो आणि तपासणी बंद करून तो झाकला जातो.

दुसऱ्या चिपचा दोष माझाच. बाहेरच्या क्रिस्टलचा फ्यूज लावला आणि ब्रेडबोर्डवर क्रिस्टल नव्हता. क्लॉकच नसल्यामुळे चिप तत्क्षणी मुकी झाली. 16 मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आणि 22 पिकोफॅरडचे दोन कपॅसिटर लावताच ती पुन्हा बोलू लागली. रिसेटची पिन बंद करणारा फ्यूज मात्र चुकूनही लावू नये, कारण त्यानंतर यूएसबीएएसपीचा काही उपयोग होत नाही आणि रिसेटवर 12 व्होल्ट देणारा वेगळा प्रोग्रॅमर लागतो. माझ्या बोर्डांसाठी आता मी लो फ्यूज 62 वरून ई2 करतो, म्हणजे चिप पूर्ण 8 मेगाहर्ट्झवर चालते आणि पुढच्या खेपेपासून 375 किलोहर्ट्झचा वेगही तिला चालतो.

उपकरणातील एक दोष मी दुरुस्त करू शकलो नाही. त्यावर 5 आणि 3.3 व्होल्ट निवडण्याचा जंपर आहे, पण मित्राच्या ऑसिलोस्कोपवर पाहिले असता 3.3 वर ठेवूनही बदल फक्त वीजपुरवठ्याच्या पिनेवर दिसला. मोसी आणि एससीकेवर 5 व्होल्टच येत होते. 3.3 व्होल्टच्या रेडिओ किंवा सेन्सरसह बनलेल्या बोर्डावर हा प्रोग्रॅमर मी थेट लावणार नाही. तसेच एकाच तारेवरून प्रोग्रॅम होणाऱ्या यूपीडीआय पद्धतीच्या नव्या एव्हीआर (एटमेगाच्याच कुळातील) चिपांसाठी तो चालत नाही आणि डीबगिंगची सोयही त्यात नाही.

ऑटो स्टार्टरची कामे करणाऱ्यांसाठी एक सूचना येथेच देतो. यांतील काही स्वस्त बोर्डांत ट्रान्सफॉर्मर नसतो, कपॅसिटरवरून वीज उतरवलेली असते आणि त्यामुळे सगळा बोर्ड लाइनला जोडलेला राहतो. अशा बोर्डाला वीज चालू असताना प्रोग्रॅमर लावला, तर लॅपटॉप जाईल आणि हातालाही झटका बसेल. मी चिप सॉकेटमधून काढून वेगळ्या ब्रेडबोर्डवरच प्रोग्रॅम करतो. त्याने आणखी एक अडचण टळते: बोर्डावर एससीकेच्या पिनेला ऑप्टोकपलर किंवा एलईडी जोडलेला असेल, तर त्याच्या भारामुळेही ‘उत्तर नाही’ असाच संदेश येऊ शकतो.

फर्मवेअर बदलल्यापासून या प्रोग्रॅमरने सत्तरेक चिप्स विनातक्रार भरल्या आहेत, म्हणून उपकरणाला मी पाचपैकी साडेतीन गुण देतो. फर्मवेअर नवे असते तर चार दिले असते. दुकानाला तीन. फोनवर त्यांनी दोष चिपांवर ढकलला, पण तुटकी केबल घेऊन गेलो तेव्हा हुज्जत न घालता दुसरी दिली. ती मात्र मी त्यांच्याच काउंटरवर, त्यांचाच मल्टिमीटर मागून, दहाही पिनांवर बझर वाजल्यावर खिशात घातली.